दोन बोटांचा फरक

टिकारामचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. तळवा जमिनीला लागायचाच नाही. पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून तो चालायचा, आणि त्या कडेचं कातडं बैलाच्या खांद्यासारखं जाड झालं होतं. पण हात सरळ होते, नजर पक्की होती. पवनारात कुणाला तिफण करायची असो की दाराची चौकट, लोक आधी टिकाराम सुताराकडेच येत.

त्रेपन्न साली वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातून त्याला बाकडी करायचं काम मिळालं. बाकडी घेऊन तो व्हरांड्यात उतरला, तेव्हा तिथले डॉक्टर वासुदेवराव दारात उभे राहून त्याच्या पायाकडे बघत होते. लोक बघत, याची त्याला सवय होती. पण हा माणूस जवळ आला आणि सरळ खालीच बसला.

"दाखवता का जरा?"

टिकारामने पाय पुढे केला. डॉक्टरांनी टाच हातात धरली, बोटांनी घोटा चाचपला.

"लहानपणी कुणी काही उपाय केला होता?"

"केलता बाप्पा. सहा वर्साचा होतो. बापानं एक हाड बसवणारा बलावला. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय पिळला अन् सुतळीनं बांधला. महिनाभर. आतून सडला तवा मायनं कामट्या कापून फेकल्या."

डॉक्टर उठले. त्यांनी त्याला आत नेलं आणि आपण काय मांडलं आहे ते समजावून सांगितलं. असा पाय घेऊन जन्मलेली मुलं ते गोळा करत होते. मूल वर्षाच्या आतलं हवं. दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवून प्लास्टर घालायचं. तीन महिन्यांत पाय सरळ दिसू लागतो, पण तो मोठा लबाड. मोकळा सोडला की परत आत वळतो. म्हणून पुढे तीन-चार वर्षं झोपताना एक लाकडी पट्टी बांधायची. आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन पाट्या, पाट्यांवर पाय, आणि पाट्यांचं तोंड बाहेरच्या अंगाला. प्रत्येक मुलाच्या तळव्याला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा आणि तो वहीत चिकटवायचा. नागपूरच्या सरकारने या कामाला तीन वर्षांची मदत दिली होती. शेवटी अहवाल पाठवायचा. अहवाल चांगला गेला तर प्रत्येक जिल्ह्याच्या दवाखान्यात हे काम सुरू होणार होतं.

"पट्ट्या मुंबईहून मागवणं शक्य नाही. तुम्ही कराल?" डॉक्टरांनी विचारलं आणि जस्ती पत्र्याचा एक कापलेला साचा त्याच्या हातात दिला. "पाट्या अगदी या कोनात बसल्या पाहिजेत. यात बदल चालणार नाही."

टिकारामने साचा उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "साहेब, हे माया वक्ती असतं तर?"

"तर तुम्ही सरळ चालला असता."

त्या दिवशी तो बसने न जाता पायीच पवनारला गेला. धामच्या पुलावर थांबला, आपला पाय बघितला आणि पुन्हा चालू लागला. घरी आल्यावर बायकोला, देवकाबाईला म्हणाला, "आता कोन्या लेकराले मायासारखं खुरडत चालावं नाई लागन."

पहिल्या वर्षात त्याने बारा पट्ट्या केल्या. सागाचं जुनं, मुरलेलं लाकूड निवडायचा. कडा रंध्याने गोल करायचा. पाटी गालावर फिरवून बघायचा. कुठे कुसळ लागलं तर पुन्हा घासायचा. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पटाशीने आकडा कोरायचा, आणि डॉक्टर तोच आकडा मुलाच्या नावापुढे वहीत लिहायचे. ही बाराही मुलं वर्ध्यातलीच होती. कुणाचा बाप शाळामास्तर, कुणाचा रेल्वेत. पट्ट्या आतल्या खोलीत नर्स प्रमिलाबाई बांधायच्या. टिकाराम त्या दारात देऊन परत यायचा. वर्षाच्या अखेरीला डॉक्टरांनी त्याला एक ठसा दाखवला. अख्खा तळवा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. टिकाराम त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिला की प्रमिलाबाईंना हसू आलं.

मग खेड्यांतून मुलं येऊ लागली. गर्दी वाढली, आतली खोली पुरेना, म्हणून पट्ट्या व्हरांड्यातच बांधायचं ठरलं. स्क्रू आवळायला टिकारामला थांबवून घेऊ लागले.

रोहण्याची सुंदरा आपली पोर घेऊन आली ती त्याच दिवसांत. सात महिन्यांच्या त्या पोरीचं नाव बयना. दोन्ही पाय आत वळलेले होते, ते प्लास्टरने नीट आले होते. त्यासाठी सुंदराने तीन महिने दर मंगळवारी रोहण्याहून छोट्या गाडीने पुलगाव आणि तिथून मोठ्या गाडीने वर्धा अशी खेप केली होती. कधी नवरा पुनाजी सोबत असे, बहुतेक वेळा ती एकटीच.

प्रमिलाबाईंनी बयनाचे पाय पाट्यांवर ठेवले आणि पट्टे ओढले. पोरीने एवढी मोठी किंकाळी फोडली की व्हरांड्यातल्या बाकीच्या बायका गप्प झाल्या. रडता रडता तिचा श्वास अडकला, तोंड निळसर पडलं. सुंदराने स्वतःचे ओठ दातांनी दाबून धरले होते. ओठावर रक्त आलं, पण पोरीचे गुडघे तिने सोडले नाहीत.

"चार-पाच दिवस रडेल, मग सवय होते," डॉक्टर म्हणाले. "पट्टी सोडायची नाही. काही झालं तरी सोडायची नाही."

टिकाराम पेचकस घेऊन बाजूला बसला होता. त्याचा डावा घोटा ठणकू लागला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सुतळ्या जणू पुन्हा आवळल्या जात होत्या. 'सवय होते' असंच त्या हाड बसवणाऱ्यानेही त्याच्या बापाला सांगितलं होतं.

घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. देवकाबाईने विचारलं, "बरं नाई का तुमाले?" त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्याने ओळखीच्या गाडीवानाबरोबर पुलगावमार्गे रोहण्याला निरोप धाडला: रोहण्याच्या बाईला सांगा, पट्टीचा एक स्क्रू ढिला आहे, येताना घेऊन ये. स्क्रू ढिला नव्हता. पुढच्या मंगळवारी सुंदरा आली, तेव्हा टिकारामने व्हरांड्याच्या टोकाला बसून दोन्ही पाट्या सोडल्या आणि त्यांची तोंडं दोन-दोन बोटं आत घेऊन पुन्हा बसवल्या. पाट्या अजूनही बाहेरच वळलेल्या दिसत होत्या. साचा लावून पाहिल्याशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि साचा टिकारामच्याच पिशवीत होता.

बयनाचे पाय बांधले. ती थोडी कुरकुरली आणि आईच्या कडेवर झोपून गेली.

सुंदरा त्याच्या पाया पडायला वाकली, तसा तो मागे सरकला. "भाऊ, तुमच्या हाताले गुण आहे," ती म्हणाली. "आठ दिवस पोट्टी झोपली नाई अन् मी बी झोपली नाई. सासू म्हने, फेक थे लाकूड चुलीत."

"तू काय केलं मंग?"

"मी काय करन? बांधली. डॉक्टरसाहेबानं सांगतलं ना, सोडायची नाई म्हून."

बयनाची धरून टिकारामने खेड्यांतल्या मुलांसाठी बावीस पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीला दोन बोटं आत. आपण काही वाईट करतो आहोत असं त्याला वाटलं नाही. पाय बाहेर वळलेला राहतोच आहे, थोडा कमी, एवढंच; आणि लेकरू झोपतं आहे. शहरातली ती पहिली बारा मुलं वाढली, त्यांना मोठ्या पट्ट्या लागल्या, त्या मात्र त्याने साच्याप्रमाणेच केल्या. त्या मुलांना सवय झालेली होती, ती रडत नव्हती. मग बदलायचं कारण काय? यात डॉक्टरांचं बोलणंच खरं ठरतं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टर खूश होते. खेड्यांतली मुलं पट्टी सहज सहन करतात, असं त्यांनी वहीत लिहिलं. कधी एखादी पट्टी हातात घेऊन बघत, पाठीवरचा आकडा वाचत आणि परत देत.

छप्पनच्या उन्हाळ्यात ठसे बदलू लागले.

आधी एक मूल, मग दोन, मग दर मंगळवारी कुणी ना कुणी. टाच उचललेली, बोटं आत, आणि कागदावर तळव्याची फक्त बाहेरची कड. बयना तेव्हा अडीच वर्षांची होती. ती व्हरांड्यातून चालत आली, तेव्हा टिकाराम कोपऱ्यात पट्ट्या रचत होता. पोरीचे दोन्ही पाय एकमेकांकडे वळले होते आणि पडू नये म्हणून तिने दोन्ही हात पसरले होते.

प्रमिलाबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "तीन महिने प्लास्टर घातलं आम्ही! साहेबांनी जीव ओतला या पायांत. आणि तुम्हा लोकांना एक पट्टी बांधायचा कंटाळा! खरं सांग, रोज बांधायचीस?"

"रोज बांधली बाई."

"मग पाय असा कसा झाला?"

"मले काय मालूम बाई. मी रोज बांधली. सनाले बी बांधली. पोट्टीले ताप होता तवा बी बांधली."

"सगळ्या हेच सांगतात," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. सुंदरा तिथेच उभी राहिली. तिची नजर फिरत फिरत टिकारामवर येऊन थांबली. या माणसाला तरी ठाऊक आहे, आपण काही सोडलं नाही, असं तिला वाटलं असावं. टिकाराम खाली वाकून पट्ट्या पुन्हा रचू लागला.

चार दिवसांनी डॉक्टरांनी त्याला खोलीत बोलावलं. टेबलावर सगळे ठसे दोन ओळींत मांडले होते. डॉक्टरांचे डोळे तांबारलेले होते.

"बघा टिकाराम. पहिली बारा मुलं. दहांचे पाय सरळ. आणि ही नंतरची बावीस. एकोणीस परत वळले. तेच प्लास्टर, तेच हात, तीच पट्टी. फरक एकच. ही शहरातली, ही खेड्यांतली. आईबाप पट्टी बांधत नाहीत, याखेरीज दुसरं कारण मला सापडत नाही. मदतीची मुदत संपत आली, अहवाल आता द्यावाच लागेल. त्यात मला लिहावं लागेल की खेड्यांत ही उपचारपद्धत चालणार नाही."

टिकारामने ठशांवरचे आकडे वाचले. एक ते बारा. तेरा ते चौतीस. तेरा आकडा त्याने स्वतःच्या हाताने कोरला होता, ती बयनाची पट्टी.  त्याने बोलायला तोंड उघडलं.

"काय म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई साहेब."

तो घरी आला आणि त्यानंतर कित्येक महिने दवाखान्याकडे फिरकला नाही. पाय दुखतो असा निरोप पाठवला. रंधा हातात घेऊन तासन्‌तास बसून राहायचा, लाकूड तसंच पडून. सांगितलं तर काय होईल, हे त्याने शंभरदा मनाशी घोळवलं. आज सांगू, उद्या सांगू, पोळा होऊ दे, दसरा होऊ दे. शेवटी देवकाबाईनेच त्याला छेडलं आणि त्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती चुलीपुढून उठली. मग म्हणाली, "थ्या बायाइले लोक काय म्हनत असन, सांगा बरं. जा तुमी. आत्ताच जा."

तो गेला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. नागपूरची राजधानी मोडली होती, जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला होता. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरली जात होती. टिकारामने पिशवीतून साचा काढला, एक जुनी पट्टी काढली, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलून टाकलं. एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबला नाही.

डॉक्टरांनी साचा पट्टीवर ठेवला. पाटीच्या कडेला फट दिसली. त्यांनी फटीत बोट घातलं, मग दुसरं बोट घातलं.

"का?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता.

"थे पोट्टी लय रडली साहेब."

टिकारामला वाटलं होतं, ते ओरडतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्या पट्टीकडे बघत राहिले.

"चौतीस मुलांच्या पट्ट्या माझ्या हातांतून गेल्या," ते म्हणाले. "मी एकही मोजून पाहिली नाही. कोन सोडून सगळं मोजलं."

"आता नव्या करतो साहेब. साच्याबरहुकूम. दिवसाले एक करतो. फुकट करतो."

"त्या पायांवर आता पट्टी चालत नाही. पुन्हा प्लास्टर घालावं लागेल, आणि बरेचसे प्लास्टरनेही वळणार नाहीत, शस्त्रक्रियेने कापून सरळ करावे लागतील. इथे ते होत नाही. आणि अहवाल गेला, टिकाराम. महिना झाला. तुम्ही दसऱ्याच्या आधी आला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

तरी त्यांनी त्याच्यासमोर पत्र लिहायला घेतलं. चूक पट्टीत होती, आयांची नव्हती; माझी तपासणी अपुरी होती; निष्कर्ष मागे घ्यावा आणि मदत वर्षभर वाढवावी. पत्र मुंबईला गेलं. संक्रांत झाली तरी उत्तर नव्हतं. माघात दोन ओळींचं उत्तर आलं की काम बंद झालेलं आहे, अधिक पत्रव्यवहाराची जरुरी नाही. तोवर डॉक्टरांना मध्य प्रदेशात दुसरी जागा मिळाली होती. जाताना त्यांनी टिकारामचा निरोप घेतला नाही. वही त्यांनी नेली. साचा नेला की फेकला, कुणाला ठाऊक नाही.

डॉक्टर गेल्यावर टिकाराम रोहण्याला जायला निघाला. पुलगावला गाडी बदलली. छोटी गाडी कापसाच्या रानांतून रमतगमत चालली होती, आणि ती आणखी हळू चालावी असं त्याला वाटत होतं.

सुंदराचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात सासू भागाबाई तुरी पाखडत होती. पुनाजी बैल सोडत होता. सुंदरा त्याला बघून उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. दवाखान्यातला माणूस घरी आला, म्हणजे काहीतरी निघालं असेल.

"भाऊ, नवी पट्टी आनली का?"

"नाई," टिकाराम म्हणाला. "तुयाशी बोलाचं आहे."

"मंग इथंच बोला. याइच्या समोर बोला," ती म्हणाली. "वरीस होत आलं, हे मायाशी नीट बोलत नाई. सासू गावभर सांगते, हिनं पट्टी चुलीत घातली म्हून पोट्टीचे पाय गेले."

टिकारामने सांगितलं. साधं सांगितलं, आपल्याकडे काही ओढून घेतलं नाही की सारवलं नाही. पाट्या वळवल्या. दोन बोटं. कुणाला सांगितलं नाही. तुमची सून रोज बांधत होती, खोट माझ्याच हातात होती. भागाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

पुनाजीने विचारलं, "मंग आता काई होते का?"

"नागपुराले नाईतर मुंबईले नेऊन पायाचं आपरेशन करा लागन. होईनच असं डॉक्टर बी सांगत नोयते."

 पुनाजी बैलांचा कासरा घेऊन आवाराबाहेर निघून गेला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. भागाबाई पुटपुटली, "आता सांगून का फायदा," आणि पुन्हा पाखडू लागली.

सुंदरा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती.

"तुमचा पाय बांधलता लहानपनी," ती म्हणाली. "तुमाले दुखलं. म्हून माया पोट्टीले दुखू नाई, असं वाटलं तुमाले."

"हाव."

"मले दुखत नोयतं का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आठ दिवस लेकरू कोंबडीवानी तडफडे. मी पदराचा बोळा तोंडात कोंबो अन् बांधो. मी माय असून बांधली. तुमी कोन होते ढिली करनारे?"

 घरातून बयना बाहेर आली. पाहुण्याकडे बघत, हात पसरून, पायांच्या कडांवर डुलत ती त्याच्यापर्यंत आली आणि त्याच्या डाव्या पायासमोर उकिडवी बसली. मोठ्या माणसाचा आपल्यासारखा पाय तिने कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. तिने त्या जाड कातड्यावर बोट ठेवलं आणि हसली.

सुंदराने तिला उचललं आणि घरात नेलं. ती परत बाहेर आली नाही. त्याला कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. टिकाराम स्टेशनवर येऊन बसला. परतीच्या गाडीला अजून फार वेळ होता.

बाकीच्या एकवीस घरी जायचं त्याने ठरवलं होतं. तीन घरी गेला. एका घरी मूल देवीने दगावलं होतं, एक घर कामासाठी परमुलखात गेलं होतं, तिसऱ्या घरच्या बाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी केव्हा मिळेल म्हणून विचारलं. त्यानंतर तो गेला नाही.

पुढल्या चैत्रात सेलूकडची एक बाई पवनारला त्याच्या दारात येऊन उभी राहिली. पदराखाली वीस दिवसांचं बाळ होतं. तुम्ही लेकरांच्या पायांची पट्टी करता असं कुणी सांगितलं, म्हणाली. तिने बाळाचा पाय उघडा केला. मऊ, गुलाबी, आत वळलेला.

टिकारामने तो बघितला. पाय अजून अगदी कोवळा होता, हातात मेणासारखा वळला असता.

"पट्टीच्या आधी प्लास्टर लागते माय," तो म्हणाला. "दर हप्त्याले. थे आता इथं कोनी लावत नाई."

"मंग कुठी जाऊ?"

नागपूर-मुंबईची नावं त्याला ठाऊक होती, पण दर हप्त्याला तिथे जाणं हिला परवडणारं नव्हतं. ती थोडा वेळ ओसरीवर बसली, देवकाबाईने दिलेलं पाणी प्यायली. मग बाळाचा पाय पदराने झाकून ती उठली आणि उन्हातच बसच्या रस्त्याला लागली.